परदेशातला भागीदार: मोठं घराणं निवडावं की दुकानात उभा राहणारा?

प्रश्न थोडक्यात असा: "घरसजावटीच्या वस्तूंची आमची साठेक दुकानं आहेत. निम्मी आम्ही चालवतो, निम्मी फ्रँचायझीवर आहेत. परदेशातून दोन प्रस्ताव आलेत. एक मोठा उद्योगसमूह आहे, त्यांच्याकडे तीसेक परदेशी ब्रँड आहेत. त्यांना तीन देशांचे हक्क एकत्र हवेत आणि आगाऊ रक्कम भरघोस देताहेत. दुसरा मध्यम आकाराचा, फर्निचरची स्वतःची अकरा दुकानं चालवणारा. पैसा कमी आहे, पण एकच देश मागतोय. कुणाला निवडावं आणि त्याआधी काय तपासावं?"

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण पहिल्याला आत्ताच नकार कळवू नका. त्याला एवढंच विचारा: आमचा ब्रँड रोजच्या रोज सांभाळणारा माणूस कोण, आणि त्याच्याकडे आणखी किती ब्रँड आहेत? नाव सांगितलं तर त्या माणसाला भेटा. "टीम आहे, काळजी करू नका" असं उत्तर आलं तर तुमचं काम अर्धं झालं.

वीसेक वर्षं मी किरकोळ विक्रीच्या ब्रँडांसाठी परदेशातले भागीदार शोधतो आणि फसलेल्या भागीदाऱ्या सोडवतो. दुसऱ्या कामाने पहिलं काम शिकवलं. ब्रँडवाले भागीदार शोधताना त्याची ऐपत बघतात: ताळेबंद, मॉलमधल्या ओळखी, आधीच हाताशी असलेली मोठमोठी नावं. सगळं बघावंच. पण नंतर बिघडलेल्या बहुतेक प्रकरणांत ऐपत भरपूर होती, लक्ष नव्हतं. तीस ब्रँडांच्या घरात तुम्ही एकतिसावे. मॉलमध्ये चांगली जागा निघाली की ती कुणाला मिळेल? जो दर चौरस फुटाला जास्त विक्री देतो त्याला. तुमच्या वाट्याला येईल ती सरकत्या जिन्याच्या मागची.

मोठं घराणं म्हणजे दुर्लक्ष ठरलेलंच, असंही नाही. सेव्हन-इलेव्हन या छोट्या दुकानांच्या साखळीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. 1973 मध्ये अमेरिकेतल्या साउथलँड कंपनीने जपानचा परवाना इतो-योकादो या सुपरमार्केट चालवणाऱ्या समूहाला दिला. छोटं दुकान हा त्यांचा मूळ धंदा नव्हता आणि वरच्या मंडळींचा फारसा विश्वासही नव्हता. पण तोशिफुमी सुझुकी नावाचा एक अधिकारी या कल्पनेच्या मागे हात धुऊन लागला होता. 1974 मध्ये टोकियोत पहिलं दुकान उघडलं, तेही दारूच्या एका छोट्या दुकानाचं रूपांतर करून. पुढे 1990 मध्ये मूळ अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि 1991 मध्ये तिचे सुमारे 70 टक्के शेअर जपानी बाजूने घेतले. परवाना घेणारा परवाना देणाऱ्याचा मालक झाला! समूह मोठा होता, पण या धंद्यासाठी झोप उडवून घेणारा एक माणूस त्यात होता. मी माणूस शोधा म्हणतो तो एवढ्यासाठी.

आता तपासणी. कागद तुमचे वकील आणि सीए बघतील, ते मी सांगत नाही. तुम्ही स्वतः जाऊन दुकानं बघा, न कळवता. त्या समूहाच्या इतर ब्रँडांची दुकानं शनिवारी संध्याकाळी बघू नका, तेव्हा सगळीच बरी दिसतात. मंगळवारी दुपारी तीन वाजता जा. पोरं मोबाइलमध्ये आहेत की माल लावताहेत? मागच्या सीझनचा माल पुढच्या रॅकवर आहे का? एकावर एक किती किमतीची लेबलं चिकटवली आहेत? ट्रायल रूमचे दिवे लागतात का? एखादी वस्तू परत करायची आहे म्हणून सांगा आणि काय होतं ते बघा. त्यांच्या सगळ्यात जुन्या ब्रँडचं सगळ्यात जुनं दुकान शोधून काढा. नव्याचे नऊ दिवस सगळेच साजरे करतात. आठव्या वर्षी त्या दुकानाचं फ्लोअरिंग कसं आहे, त्यावरून तुमच्या ब्रँडचं आठवं वर्ष कळतं.

मग ज्या ब्रँडांनी त्यांना सोडलं त्यांना फोन करा. भागीदार देतो ती संदर्भांची यादी त्याच्या मित्रांची असते. तीस ब्रँड आहेत असं सांगतात, पण पाच वर्षांपूर्वी किती होते आणि त्यातले आज कुठे आहेत? जुन्या बातम्या, मॉलच्या जुन्या जाहिराती, ट्रेडमार्कच्या नोंदी यांवरून ही यादी दोन दिवसांत बनते. माझ्या अनुभवात गेलेल्या ब्रँडचा माणूस फोनवर पहिली पाच मिनिटं सभ्य बोलतो. सहाव्या मिनिटाला "पैसे वेळेवर यायचे का?" एवढं विचारा आणि गप्प बसा.

फर्निचरवाल्याची तपासणी वेगळी. त्याला दुकान चालवता येतं, हे अकरा दुकानं बघून कळेल. त्याला दुसऱ्याच्या नियमांनी दुकान चालवता येतं का, हे कळणार नाही. आयुष्यभर स्वतःचा मालक असलेल्या माणसाला "हे शेल्फ इथेच राहील" असं सांगितलं तर कसं वाटेल? हे बोलून कळत नाही. त्याला आणि त्याच्या ऑपरेशन्स बघणाऱ्या माणसाला तीन आठवडे तुमच्या दुकानात काम करायला बोलवा. माल उतरवणं, काउंटर, रात्रीचा हिशोब, सगळं. जो स्वतः येतो आणि तिसऱ्या दिवशी प्रश्न विचारायला लागतो, तो चालेल. पहिल्याच दिवशी "आमच्याकडे असं चालत नाही" असं दहा वेळा ऐकू आलं तर सावध व्हा. पण एकदाही ऐकू आलं नाही, तर त्याहून जास्त सावध व्हा, कारण त्याला स्वतःच्या बाजाराचं काही सांगायचंच नाहीये. पैशाची बाजू कच्ची असेल तर पहिल्या पाच दुकानांचं भांडवल, वर सहा महिन्यांचा तोटा सोसण्याची सोय आणि मालकाची वैयक्तिक हमी, एवढं तरी मागा.

आकडेमोड दोघांसोबत स्वतंत्र करा, आणि ती भागीदाराच्या बाजूने करा. ब्रँडवाले आपली रॉयल्टी मोजतात, समोरच्याच्या दुकानाचा नफा मोजत नाहीत. समजा तुम्ही 100 ला विकता ती वस्तू त्याला 45 ला देणार. वाहतूक, विमा, आयात शुल्क, गोदाम धरून ती त्याला 60 ला पडली. त्यावर भाडं, पगार, तुमची रॉयल्टी, सीझनअखेरची सूट. तुमच्याच किमतीला विकून त्याच्या हाती काही उरतंय का? उरत नसेल तर तो किंमत वाढवेल आणि परदेशात तुमचा ब्रँड उगाच महाग म्हणून ओळखला जाईल, किंवा तो गुपचूप बाहेरचा माल तुमच्या शेल्फवर ठेवेल. यात एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आयात मालाचं मूल्य ठरवण्याच्या जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार, रॉयल्टी जर त्या मालाशी निगडित असेल आणि ती देणं ही विक्रीची अटच असेल, तर ती रक्कम मालाच्या किमतीत मिळवून तिच्यावरही आयात शुल्क लागू शकतं. म्हणजे करारातल्या एका वाक्याने भागीदाराचा माल महाग होऊ शकतो. हे वाक्य लिहिण्याआधी तिथल्या कस्टम्स सल्लागाराला दाखवा.

मास्टर फ्रँचायझी, म्हणजे त्या देशातल्या दुकानदारांना पुढे फ्रँचायझी वाटण्याचा हक्क, देणार असाल तर स्वतःचीही बेरीज करा. तिथला दुकानदार विक्रीवर 6 टक्के रॉयल्टी देतो, त्यातले 4 मास्टर ठेवतो, तुम्हाला 2. त्या देशाने रॉयल्टीवर 15 टक्के कर उगमापाशीच कापला तर हाती 1.7. या 1.7 मधून तुमच्या माणसांचे विमानप्रवास, प्रशिक्षण आणि ऑडिट निघायचं आहे. दुकानं किती झाल्यावर ते निघेल, हे कागदावर मांडा. आकडा बघून घाम फुटतो, पण तो करारापूर्वी फुटलेला बरा.

म्हणून रॉयल्टी कमी करून भागीदाराला खूश करणं मला पटत नाही. मॅकडोनाल्ड्सने 1971 मध्ये पॅरिसचा परवाना रेमंड दायान या व्यावसायिकाला दिला, रॉयल्टी अवघी 1 टक्का. दुकानं चौदा झाली, पण स्वच्छता आणि दर्जा इतका घसरला की प्रकरण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या न्यायालयात गेलं. 1982 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि 1984 मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. मधली वर्षं मात्र पॅरिसच्या गिऱ्हाइकाने त्याच पाटीखाली काढली. एका टक्क्यात देखरेखीचा खर्च कुठून निघणार?

तीन देश एकत्र मागण्याबद्दल. माझी स्वतःची चूक सांगतो. एका ब्रँडसाठी मी एकाच समूहाला पाच देशांचे हक्क मिळवून दिले होते. आगाऊ रक्कम घसघशीत होती, मालक खूश, मीही खूश. समूहाने एका देशात तीन दुकानं काढली आणि उरलेले चार देश सात वर्षं कुलपात पडून राहिले. आम्ही दुसऱ्या कुणाला देऊ शकत नव्हतो आणि त्यांना घाई नव्हती. नंतर कळलं की त्यातल्या दोन देशांत त्यांचा स्वतःचा तशाच मालाचा ब्रँड होता. आम्हाला आत येऊ न देण्यासाठीच त्यांनी ते पैसे मोजले होते. तेव्हापासून मोठ्या आगाऊ रकमेकडे मी आधी संशयाने बघतो. तुमच्या तीन देशांपैकी एकाचाच करार करा. बाकी दोनसाठी "पहिल्या देशात इतकी दुकानं, इतक्या तारखेपर्यंत, तोट्यात नसलेली" अशी अट घालून हक्क त्याच्यासाठी राखून ठेवा, आणि ती अट चुकली की हक्क आपोआप तुमच्याकडे परत, नोटीस न देता.

दुकानं उघडण्याचं वेळापत्रक मात्र दुधारी असतं. बर्गर किंगची ऑस्ट्रेलियातली गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाने समजून घ्यावी. तिथे ते नाव ॲडलेडमधल्या एका दुकानाकडे आधीच नोंदलेलं होतं, म्हणून फ्रँचायझी घेणाऱ्या जॅक कॉविन यांनी 1971 मध्ये पर्थजवळ हंग्री जॅक्स या नावाने सुरुवात केली. 1990 च्या करारात त्यांनी दरवर्षी चार नवी दुकानं काढायची होती. पुढे बर्गर किंगला त्या देशात स्वतः शिरायचं होतं. त्यांनी नव्या दुकानांना मंजुरी देणं थांबवलं आणि मग वेळापत्रक पाळलं नाही म्हणून करार मोडला. 2001 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने हा सद्भावनेचा भंग ठरवला आणि बर्गर किंगला सुमारे 4.69 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. नंतर तिथली बर्गर किंगची दुकानंही हंग्री जॅक्सकडे गेली. तेव्हा भागीदार निवडताना आरशातही बघा. दोनएक वर्षांनी धंदा चालला तर "आता आपणच करू" असं तुमच्या संचालकांच्या मनात येणार आहे का? येणार असेल तर भागीदाराचा हिस्सा कुठल्या सूत्राने विकत घ्यायचा, ते आजच लिहून ठेवा.

भागीदारीचा सांगाडा हाही निवडीचाच भाग आहे. अर्धी-अर्धी जॉइंट व्हेंचर, म्हणजे दोघांच्या सामाईक मालकीची कंपनी, कागदावर गोड दिसते, पण मतभेद झाले की गाडी जागीच रुतते. मॅकडोनाल्ड्सची उत्तर आणि पूर्व भारतातली 1995 ची पन्नास-पन्नास भागीदारी 2013 ते 2019 भांडणात अडकली होती. 2017 मध्ये 169 दुकानांचे फ्रँचायझी करार रद्द झाले आणि शेवट तडजोडीने झाला. थोडा हिस्सा ठेवून काही हाती राहतं, असंही नाही. बर्गर किंगच्या मूळ कंपनीकडे रशियातल्या धंद्याचा फक्त 15 टक्के हिस्सा होता. मार्च 2022 मध्ये तिने तिथल्या मुख्य भागीदाराला सुमारे 800 दुकानं बंद करायला सांगितलं, त्याने नकार दिला आणि कंपनीला काही करता आलं नाही. मॅकडोनाल्ड्सकडे त्याच देशात बहुतेक दुकानं स्वतःची होती. तोटा प्रचंड झाला, पण विकून बाहेर पडण्याचा निर्णय तिच्या हातात होता. थोडक्यात, 15 टक्के घेऊन नावापुरते मालक होण्यापेक्षा शुद्ध फ्रँचायझी देऊन नाव काढून घेण्याचा पक्का हक्क राखणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

पण नाव काढून घेतल्यावर मागे काय राहतं? दुकानाच्या जागा. फारकतीचा विचार इथूनच सुरू करा. लीज, म्हणजे जागेचा भाडेकरार, भागीदाराच्या नावावर, नोकर त्याचे, गिऱ्हाइकांचे फोन नंबर त्याच्या सिस्टीममध्ये. आखाती देशांतला माजिद अल फुत्तैम समूह 1995 पासून कारफूर या फ्रेंच सुपरमार्केट साखळीची दुकानं चालवत होता. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याने जॉर्डनमधली कारफूरची दुकानं बंद केली आणि त्याच जागी हायपरमॅक्स ही स्वतःची पाटी लावली. जानेवारी 2025 मध्ये ओमानमध्येही तेच. इमारत तीच, माणसं तीच, गिऱ्हाईक तेच. यात कुणाची चूक नाही, जागा ज्याच्या ताब्यात त्याचा धंदा. म्हणून पहिल्या तीन-चार मोक्याच्या जागांच्या लीजमध्ये "फ्रँचायझी संपली तर ब्रँडला किंवा ब्रँड सांगेल त्याला ही लीज घेता येईल" असं कलम घरमालकाच्या सहीनिशी घाला. मोठा समूह हे मान्य करत नाही, बरेचदा मॉलही त्याच्याच घरातला असतो. फर्निचरवाला बहुधा करेल. पीओएसचा, म्हणजे बिलिंग यंत्रातला, विक्रीचा डेटा रोज रात्री तुमच्याकडे आपोआप यायला हवा, महिन्याच्या शेवटी एक्सेलमध्ये नव्हे. न विकलेल्या मालाचं काय करायचं हेही लिहा, नाहीतर तो फिरून तुमच्याच बाजारात निम्म्या किमतीला येतो.

कायद्याबद्दल फार लिहीत नाही, कारण प्रत्येक देशाचं निराळं. चीनमध्ये 2007 च्या नियमांनुसार फ्रँचायझी देणाऱ्याकडे स्वतःची किमान दोन दुकानं वर्षाहून जास्त काळ चालू असावी लागतात. मलेशियात 1998 च्या कायद्याखाली नोंदणी लागते. फ्रान्समध्ये सहीच्या किमान 20 दिवस आधी, इटलीत 30 दिवस, अमेरिकेत 14 दिवस आधी माहितीचे कागद द्यावे लागतात. काही आखाती देशांत एजंट म्हणून नोंदणी झालेल्या भागीदाराला मुदत संपली तरी काढणं फार अवघड असे. संयुक्त अरब अमिरातीने 2022 च्या कायद्याने ते बरंच सैल केलं. तिथे करार करायचा असेल तर भागीदार आपली नोंदणी एजंट म्हणून करतोय का, हे आधी विचारा. वादासाठी लवाद नेमा आणि दोन्ही देश 1958 च्या न्यूयॉर्क कराराचे सदस्य आहेत का ते बघा, म्हणजे निवाडा तिकडे अंमलात आणता येतो. आणि बोलणी सुरू होण्याआधी तिथे ट्रेडमार्कचा अर्ज तुमच्या नावाने टाका. "आम्हीच करून देतो, खर्च आमचा" असं भागीदार म्हणाला तर गोड बोलून नाही म्हणा. ॲडलेडचं दुकान आठवा.

आता तुमचे दोन प्रस्ताव. समूहाला लिहा की एकच देश, आगाऊ रक्कम निम्मी चालेल, पण ब्रँड सांभाळणारा माणूस पहिली तीन वर्षं फक्त आमचाच, आणि तो बदलायचा तर आम्हाला विचारून. ते मान्य केलं तर ते खरंच गंभीर आहेत, मग माझा कल बदलेल. मुदत तीन आठवडे द्या, ताकास तूर लागू दिली नाही तर विषय संपवा. दरम्यान फर्निचरवाल्याला प्रशिक्षणाला बोलवा. गेल्या दोन वर्षांत त्याने पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी दिले, हे त्याच्या दोन पुरवठादारांकडून काढा, कारण उद्या त्याच्या लेखी तुम्हीही एक पुरवठादारच असणार आहात. जमलं तर दोन दुकानांचा अठरा महिन्यांचा करार करा, देशाचे हक्क त्या दोन दुकानांच्या आकड्यांवर ठरतील असं म्हणून. दोनपैकी एक दुकान मुद्दाम मधल्या दर्जाच्या जागेत काढा. मोक्याच्या जागी काहीही खपतं, त्यावरून भागीदार कळत नाही.